मुंग्या

पहिल्या मुंग्या मोरीत आल्या.
मी हळद टाकली, मग खडूची रेघ ओढली,
सुनेला बोलले, गुळाचा डबा उघडा कुणी ठेवला?
डबा बंद होता.
मुंग्यांना आधी कळलं, रक्त तपासणाऱ्याला मागाहून.

मग त्या यांच्या पायांत शिरल्या.
रात्री उठून बसायचे, तळवे फरशीवर घासायचे,
"मुंग्या आल्यात गं" म्हणायचे, आणि मी खुळी
दिवा लावून चादर झटकायची.

दोन वर्षं राहिल्या. एका दिवाळीनंतर गेल्या.
आम्हाला वाटलं, सुटलो.
पेढे वाटायचे तेवढे राहिले.

अठ्ठावीस वर्षं वडाळा डेपो.
बस पायानं चालवतात, हे म्हणायचे, हात नुसते शोभेला.
एक दिवस साहेबांना स्वतःच सांगून आले:
ब्रेक लागतो, पण लागलेला मला लागत नाही.
टेबलावर बसवा.
घरी म्हणाले, बढती मिळाली.

केईएमला एक शिकाऊ डॉक्टरीण, हातात नायलॉनचा दोरा.
"काका, डोळे मिटा. लागलं की हो म्हणा."
ती टेकवते. हे गप्प.
मनात आकडे मोजतात, सिग्नलला मोजायचे तसे,
आणि म्हणतात, हो.
दोरा तेव्हा हवेत असतो.
ती माझ्याकडे बघते.
मी भिंतीवरच्या मूत्रपिंडाच्या चित्राकडे.

परवा शिवडी नाक्यावरून एकाच चपलेत आले.
दुसरी कुठाय?
खाली बघून म्हणाले, अरे.
एवढंच. अरे.
टाचेत बाटलीचं बूच रुतलेलं,
तीन जिने लाल ठसे,
आणि हे मला गवार काय भाव झाली ते सांगत होते.

सासूबाई म्हणायच्या, रात्री नवऱ्याचे पाय चेपावेत.
मी चेपत नाही. मांडीवर घेते,
बोटांच्या बेचक्यांत बॅटरी मारते, टाचेखाली आरसा धरते.
हे पेपरची पानं उलटतात.
त्यातलं किती दिसतं, मी विचारत नाही.

काल एक मुंगी.
खरी, लाल.
अंगठ्यावरून निघाली, भेगेपाशी थबकली,
वळसा घालून टाचेकडे चालली.
यांनी पान उलटलं.
मी बोट आडवं लावलं, ती चढली
आणि कडकडून चावली.

"काय गं?"
काही नाही, म्हटलं.
लागलं.