वर्धा रोडवर, सामना सुटल्यावर

जामठ्याहून निघालो त्याला दीड तास झाला,
गाडी अजून चिंचभवनच्या अलीकडेच.
पुढे लाल दिव्यांची रांग, मागे हॉर्न,
आणि मागच्या सीटवर नातवाचे दोन मित्र
माझ्या काळाचा निकाल लावून राहिले.

"आबा, खरं सांगा. तुमचा तो धकाते
आज टिकला असता काय?"
"चार ओव्हरमध्ये साठ," रेहान म्हणतो.
"साठ काऊन बे? सत्तर."

मी काचेबाहेर पाहतो.
खोटं बोलायचं वय गेलं.
हो, मारला असता.
या बॅटा म्हणजे दाराच्या फळ्या,
सीमारेषा तर हात लांबवला की लागते,
चुकलेला फटकाही प्रेक्षकांत जाऊन पडतो.
शिवाय सदू पळायचा नाही.
चेंडू पायानं अडवायचा, तोही मनात आलं तर.
फिटनेसच्या पहिल्याच चाचणीत
दुसरी शिट्टी वाजायच्या आत बसकण मारून
बिडी मागितली असती त्यानं.

पोरं हसतात. मीही.

पण मॅटिंग तुम्ही पाहिलं नाही.
काथ्याची ती गुंडाळी हातगाडीवरून यायची,
ताणायला चार जण लागायचे,
कडेनं खिळे.
सामन्याआधी सदू चपला काढून त्यावरून चालायचा,
पायाच्या अंगठ्यानं
सैल खिळा शोधत.
सापडला की माझ्याकडे पाहायचा नाही.
तेवढ्यावरून मला कळायचं.
तिथं काथ्या किंचित फुगलेला,
रुपयाएवढी जागा.
सव्वीस षटकं तो त्या रुपयावर
व्याज वसूल करत बसायचा.

"स्पीड किती होता?"
कोण मोजणार?
"व्हिडिओ?"
पेपरात दोन ओळी यायच्या,
त्यातही आडनाव चुकलेलं.
मग मी गाडीतला दिवा लावायला सांगतो
आणि उजव्या हाताची करंगळी पुढे करतो.
तीनदा मोडली,
आता सरळ होतच नाही.
"एवढा वळायचा."

थोडा वेळ कोणी बोलत नाही.
डोक्यावरून मेट्रो जाते, जवळजवळ रिकामी.

मग तन्मयच, जरा हळू:
"पण आबा, आजच्या सोयी त्यांना मिळाल्या असत्या तर?"

हे मात्र मला कोणी विचारलं नव्हतं.

सदू एम्प्रेस मिलमध्ये. रात्रपाळी.
सामना असला तरी रात्रपाळीच;
तीन दिवसांची रजा म्हणजे तीन दिवसांची मजुरी,
आणि घरात खाणारी सात तोंडं.
सकाळी भोंगा झाला की सायकल,
केसांत कापूस तसाच.
चालत्या यंत्रावर तुटका धागा सांधणारी बोटं
शिवणीवर बसायची, डोळे मिटलेले असले तरी.
लंचला आम्ही जेवायचो.
तो मागच्या कडुलिंबाखाली
टोपी तोंडावर घेऊन आडवा.
चाळीस मिनिटं.
उठवायला मी जायचो.
अठरा हंगाम मीच उठवलं त्याला.

तुम्ही त्याला आजच्या खेळात आणता,
समोरच्याला नवी बॅट देता,
दिवे लावता, कॅमेरे लावता,
आणि सदूला आणता तसाच,
रात्रभर जागलेला.
मीही तसाच आणत होतो आत्तापर्यंत.

आठ तास झोपून उठलेल्या सदू धकातेनं
काय टाकलं असतं,
मला माहीत नाही.
बावीस यार्डांवरून इतकी वर्षं पाहिला त्याला,
तो बॉलर मी पाहिलाच नाही.

पुढची गाडी सरकते. नातू गिअर टाकतो.
बावीसेक यार्ड जाऊन
आम्ही पुन्हा थांबतो.

"सत्तर नाही," रेहान म्हणतो.
"पंचेचाळीस."