टिसा फुलते तेव्हा

जर्दाळूच्या मुरंब्याची रिकामी बरणी
ती माझ्या तराफ्यावरून वाकून भरते.
नळाचं पाणी चालत नाही एतेल्काला.
म्हणते, त्याला कुठे काठ असतो?

गाळ खाली बसायचीही वाट बघत नाही.
आधी सगळा कागद भिजवून काढते,
मग गेरूचा एक फटकारा,
त्यावर लाल, जरा जास्तच,
आणि फळी मांडीवर तिरकी धरते,
म्हणजे आभाळ आपसूक ओघळतं
खाली नदीत.
सूर्य काढत नाही.
नाण्याएवढा कोरा कागद सोडते
आणि त्याच्याभोवती संध्याकाळ पळवत राहते.

चौतीस वर्षं मी ह्या काठावरून त्या काठावर.
एकदा विचारलं, माझा तराफा का नसतो चित्रात?
तू थांबत नाहीस, म्हणाली.

त्या दिवशी सहाच्या सुमाराला टिसा फुलली.
फुलली म्हणजे फुलं नव्हेत.
तीन वर्षं काठच्या मातीत काढलेले किडे
लाखांनी वर येतात, कात टाकतात,
आणि दिवस मावळेपर्यंत सगळं उरकतात,
लग्न, बाळंतपण, मरण.
जेवणाचं नावच नाही.

एक उतरला तिच्या ओल्या आभाळात.
मग सात.
मग मी मोजणं सोडलं.
वाटलं, आता कुंचला भिरकावेल.
ती हात अधांतरी धरून बसली,
झोपू लागलेल्या मुलावरून
पांघरूण सोडताना धरतात तसा.

ज्या फेब्रुवारीत वरून विष आलं
आणि ओदोननं, तिच्या नवऱ्यानं,
मेलेले मासे फावड्यानं गाडीत भरले,
त्यानंतर कित्येक वर्षं
तिनं नदी काढली नव्हती.
सफरचंदं काढायची. वाईट काढायची.

पलीकडून एक मोटार भोंगा वाजवत होती.
वाजू दे म्हटलं.

बरेच उडाले. जाताना
रंगातून पाय ओढत गेले,
पाण्यावर बारीक रेघा उमटल्या, त्या तिनं पुसल्या नाहीत.
एक मात्र कोऱ्या सूर्यावर बसला
आणि उठलाच नाही.
त्यालाही तिनं हात लावला नाही.

अंधारात चित्र तिच्या घरी न्यायचं काम माझ्याकडे आलं.
बंधाऱ्यावरच्या दिव्याखाली नीट पाहिलं.
डाव्या काठाशी एक तपकिरी चौकोनी डाग,
दोराएवढी रेघ त्याला लागून.
गाळ असेल.
विचारणार होतो, तेवढ्यात मागून ओरडली,
अरे, आडवं धर,
अजून वाहतंय ते.