फऱ्याखाली

चिठ्ठीवर सर्जननं एवढंच लिहिलंय :
उजवा फरा, सार्कोमा,
आणि पुढे प्रश्नचिन्ह,
आमिष न लावलेल्या गळासारखं.

कुडाळातला बुधवार. बाहेर बाजार भरलेला.
भागिरथी केळुसकर, वय सदुसष्ट, राहणार निवती,
ताठ बसते, तर पाठीवर काहीच नाही.
सून म्हणते, होतं हो डॉक्टर,
तेल लावताना हाताला लागलं, लिंबाएवढं.

मी म्हणते, स्वतःलाच मिठी मारा. घट्ट.
"ह्या वयात?"
हात पुढे येतात, फरा बाजूला सरकतो
आणि ओहोटीला खडक उघडा पडावा
तशी गाठ वर येते.
हात खाली. भरती. गाठ नाही.

"दुखणा नाय," ती सांगते, "पण खटकता.
होडयेचा वल्हा खटकता तसा."

तीन वर्षांपूर्वी याच टेबलावर
विजयदुर्गचा दत्तप्रसाद होता, एकोणीस वर्षांचा.
सातव्या बरगडीच्या काठाला
उंदरानं कुरतडावं एवढंसं काही.
मी लिहिलं : श्वासामुळे हललेली सावली.
सावली नव्हती.
तेव्हापासून मी बरगड्या मोजते,
हिशेब चुकलेला वाणी मोजतो तशा,
वरून खाली, मग खालून वर.

यंत्र हिंदीत म्हणतं, साँस रोकिए.
ती रोखते.
यंत्र म्हणतं, साँस छोड़िए.
ती सोडत नाही. काचेपलीकडे
माझाच जीव वरखाली.
(नंतर कळलं, पोरवयात ती
कालवांसाठी बुडी मारायची.
यंत्राचा दम तिला अगदीच तोकडा पडला.)

चित्र येतं.
फऱ्याचं खालचं टोक, त्याखाली बरगड्या,
आणि मधल्या फटीत, स्नायूंच्या आड,
करडी रेघ, स्नायूच्या रंगाची.
मग काळी, चरबीची.
करडी. काळी. करडी.
पाणी मागे गेल्यावर वाळू ठेवते तशा ओळी.
कडा धूसर, कवच नाही.
शिरेतून सोडलेलं औषध आलं, गेलं,
इथे फारसं रेंगाळलं नाही.
बरगड्या शाबूत. पाचवी, सहावी, सातवी.
पुन्हा सातवी.

डावीकडचं कुणी विचारलंच नव्हतं.
तिथेही आहे.
सुपारीएवढी, तशीच रेघारेघांची.

"मावशी, काम काय करायचात?"
"काम खयचा? रापण ओढी होतंय."
"किती वर्षं?"
ती सुनेकडे बघते,
जणू हा आकडा सुनेच्या पिशवीत आहे.
"लगीन झाल्यापासून."

पुस्तकात याचं एकच चित्र होतं,
परीक्षेआधी मी तेही पान उलटून टाकलेलं.
फरा बरगडीवर घासतो, लाख वेळा घासतो,
मग शरीर मध्ये काहीतरी सारून देतं,
होडी वर ओढताना खाली ओंडके घालतात तसं.
असं म्हणतात.
खात्रीनं कुणी सांगत नाही.

मी टाइप करते : इलॅस्टोफायब्रोमा डॉर्साय, दोन्ही बाजूंना.
सुई घालून तुकडा काढण्याची गरज नाही.
शेवटचं वाक्य खोडते.
सातवी बघते.
पुन्हा लिहिते.

"ह्या किती मोठा नाव!
कापूचा लागतला?"
नाही.
"वाढतला?"
थोडी वाढेलही. त्रास झाला तर बघू.
ती पदर सावरते, लुगड्याची गाठ घट्ट करते.
"मगे रवांदे."

साडेचारला चहाचा ग्लास घेऊन मी दारात येते.
रिक्षा अजून मिळालेली नाही.
सून सुकटीचा भाव करतेय,
आणि ती सुकटवालीसमोर फिल्म उन्हात धरून
रेघांवरून बोट फिरवतेय :
"ह्यो बघ दोर. हयसून थय."

फिल्म उलटी धरलीय.
डावं उजवीकडे गेलंय.
सांगायला दोन पायऱ्या उतरते,
आणि थांबते.
तशीही ती दोन्हीकडे आहे.