दिसते आहे : होय

तुर्भ्याच्या वजनकाट्यावर रात्री पावणेदोनला
हसुराम तांडेल म्हणाला,
"पावतीची खिरकी उघरतच नाय, मॅडम.
दोन दिवस हातानंच चाल्लंय."

बाहेर कांद्याचा ट्रक काट्यावर चढून, इंजिन बंद करून उभा.
मागे अजून चार.
ड्रायव्हर पायरीवर बसून केबिनच्या जाळीतून आत बघतोय,
आतलं कुणीतरी त्याचं आहे आणि मी डॉक्टर, असं.

मी लगेच दुरुस्तीला हात घातला नाही.
खिडकीला आधी विचारता येतं.
नाव? तोल पावती.
कुणाची? मुख्य खिडकीची.
रुंदी? एक.
उंची? एक.

एक ठिपका रुंद, एक ठिपका उंच.
घाई माझीच. खिडकी रंगायच्या आत तिचं माप विचारलं
तर ती एकच सांगते.
खोटं नाही बोलत, अजून झालेली नसते.
महाप्याच्या पहिल्या नोकरीत
एवढं कळायला मला आठवडा लागला होता.
माणसांच्या बाबतीत अजून लागतो.

तिला जरा उसंत दिली,
तुंबलेली बारीकसारीक कामं उरकू दिली,
मग परत.
रुंदी? सहाशे चाळीस.
उंची? चारशे ऐंशी.
दिसते आहेस का?
होय.

हसुरामने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
पडद्यावर वजनाचे हिरवे आकडे आणि बाकी सगळं निळं.
"ही होय म्हनते?"
"हो."
"मंग कोनाला दिसते?"

एक प्रश्न मी विचारायचाच ठेवला होता.
कुठे आहेस?

डावीकडून दोन हजार सत्तर, वरून एकशे बारा.

आमचा पडदा एकोणीसशे वीसला संपतो.
त्यापुढे भिंत, भिंतीवर गोणपाटवाल्याचं कॅलेंडर,
आणि खाली टेबलाच्या सनमायक्यावर एक चौकोन,
आजूबाजूपेक्षा उजळ.

"इथे काय होतं?"
"घरतबाईंचा पडदा. मी वजन बोलायचो, त्या पावती काढायच्या.
एकवीस वर्सं. गेल्या महिन्यात सुटल्या.
परवा शेठनी पडदा पन नेला, वाशीच्या हापिसात."

मंजुळा घरत. आठवल्या.
चष्म्याला काळा दोरा, डब्यात सुकट.
तीन वर्षांपूर्वी याच केबिनमध्ये मला म्हणाल्या होत्या,
पोरी, ही रोज तुझ्या मनाला येईल तिथे उघडते,
मला सरकवत बसावं लागतं.
मी जिथे ठेवते तिथेच उघडू दे की.

ती ओळ मीच लिहिली होती :
बंद होताना जागा टिपून ठेव,
उघडताना तिथेच जा.

म्हणजे ती उघडत होती. दर ट्रकला,
दोन दिवस, दोन रात्री,
सहाशे चाळीस बाय चारशे ऐंशी, पुरती उघडी,
कॅलेंडरच्या आसपास कुठेतरी
गाडीचा नंबर विचारत.

एक अट घातली.
जागा पडद्याबाहेरची असेल तर आत ये.
घरतबाईंची ओळ मात्र खोडली नाही.

आली. राखाडी, साधी,
नंबराच्या रकान्यात कर्सर लुकलुकत,
जणू कुठे गेलीच नव्हती.
तशी ती गेलीच नव्हती म्हणा.

"आयला," हसुराम म्हणाला, आणि खुर्ची पुढे ओढली.
ड्रायव्हर पायरीवरून उठला.
हिरवे आकडे थोडे थरथरले, स्थिर झाले.

"चोवीस टन आठशे चाळीस!"
हसुराम उजवीकडे मान वळवून मोठ्याने ओरडला,
क्षणभर थांबला,
आणि दोन बोटांनी
स्वतःच टाइप करू लागला.