डाव्या कानाचे मार्क

उद्यमबागेत मी क्वालिटीला हाय.
पाळीला चारशे पिना मोजतो, मायक्रॉनमध्ये.
म्हणून अल्बमला मी पाचपैकी चांदण्या देत नाही.
चांदणीला टॉलरन्स नसतो.
दहापैकी देतो, दोन दशांश स्थळांपर्यंत,
कंपनीच्या जुन्या रिजेक्शन रजिस्टरात
मागच्या पानापासून उलटं.

'उलटा पंखा'. पुण्याचा बँड, चार पोरं.
६.१५.
दुःख हाय, पण इस्त्री केलेलं.
ड्रमवाला तेवढा खरा. त्याला काढून
आमच्या प्रेस शॉपला लावावा.

'मीठ उतरताना'. एक बाई, एक हार्मोनियम.
८.४०.
तिसऱ्या गाण्यात तिनं श्वास घेतलेला ऐकू येतो,
आणि तो कुणी पुसला नाही.
वरचे चाळीस त्या श्वासाचे.

'डॉन ऑफ अनगोळ'. आमच्याच गल्लीतला सुहास.
गाडी भावाची, चेन भाड्याची.
त्याची आई लोणचं विकताना हाक मारते
त्यात ह्याच्यापेक्षा जास्त ठेका हाय.
२.००. तेही लग्नाकार्यात भेटला तर
बोलायला तोंड पाहिजे म्हणून.

आता एक सांगायचं राहिलं.
हे सगळे मार्क एका कानाचे हायत.
बडची जोडी खडेबाजारातली, साडेसातशेची,
निम्मे माझे, निम्मे इराण्णा हुक्केरीचे.
डावा मला, उजवा त्याला.
दुसरा कान मशीनला लागतो.
टूल बोथट झालं की आधी आवाज बदलतो,
माप नंतर.

इराण्णा आकडे देत नाही.
'छलो ऐती' म्हणतो, नाहीतर 'ब्याडा'.
माझं कन्नड कँटीनपर्यंत,
त्याचं मराठी पगाराच्या तारखेपर्यंत,
मधलं हातानं चालतं.

'एक हजार बिड्या' लावला त्या रात्री भांडण व्हायचंच बाकी होतं.
निपाणीकडच्या दोन पोरींनी केलाय म्हणे.
मी लिहिलं:
ठोका येतो, मग कितीतरी वेळ काहीच नाही,
मग परत ठोका. रिकामा माल.
मिक्सिंगवाल्याचा पगार थकला असणार.
४.२५.

इराण्णा लेथपाशी नुसता उभा.
त्याचे दोन जॉब ओव्हरसाइज गेले,
मीच त्यांना लाल रंग लावला.
काय झालं रे, विचारलं.
'ऐती', म्हणाला.
छलो नाही, काही नाही. नुसतं आहे.

मग त्याच्या मामेबहिणीच्या लग्नाला
आम्ही निपाणीच्या बसमध्ये.
हा खिडकीला डोकं लावून घोरतोय,
दोन्ही बड माझ्याकडं.
हत्तरगीच्या पुढं कुठंतरी
उजव्या कानात कुणी बाई मोजायला लागली.
इप्पत्तमूरू. इप्पत्तनाल्कू. इप्पत्तैदू.
दोऱ्याचा पीळ, नखाची टिच्,
आणि माझ्या डाव्या कानात ठोका:
पंचवीसचा कट्टा सुपात पडला.
मग परत ओंदू, एरडू.
मधेच खोकली. मोज चुकली नाही.

त्याची आई बिड्या वळायची, मला माहीत होतं.
जसं त्याचा टोकन नंबर माहीत होता
तसंच.

संकेश्वरला चहाला थांबलो. तो उठला, म्हणाला, काय?
मी म्हणालो, काय नाही.
बड त्याचा त्याला दिला.

रजिस्टरात खाडाखोड चालत नाही.
नियम असा, की चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ,
आकडा वाचता आला पाहिजे,
शेजारी सही, तारीख.
तेवढं केलंय.
पुढचा रकाना अजून भरला नाही.

एकशे सव्वीस अल्बम हायत मागं.
पंखा परत ऐकायला पाहिजे, उजव्या बाजूनं.
श्वासवाली बाई तर नक्कीच,
तो श्वास कुठल्या कानात होता
तेच आता आठवत नाही.
सुहासचं राहू दे.
त्याचं दोन्हीकडं तेच असणार.