सातवा रकाना

एप्रिल संपत आला की दांगुओले येते
बिस्किटांचा पत्र्याचा डबा छातीशी धरून.
डब्यात वर्षभराच्या पावत्या,
मेणाने एकमेकींना चिकटलेल्या.
मी त्या बोथट सुरीने सोडवते
आणि वारेनातलं माझं हे दीड खोलीचं ऑफिस
कुट्टूच्या मधाच्या उग्र वासाने भरून जातं.

ऑक्टोबर: साखर, ऐंशी किलो.
मधवालीला साखर कशाला, असं
बँकेतल्या नव्या मुलाने विचारलं होतं
कर्जाच्या फाइलवर पेन टेकवून.
"त्यांचं मी काढून घेते.
मग हिवाळ्यात त्यांना उपाशी ठेवू?"
त्याने लिहिलं: कच्चा माल.

मध काढायच्या यंत्राचा हप्ता दर पाच तारखेला,
जानेवारीतसुद्धा,
जेव्हा बर्फाखालच्या पेट्या आणि तिचं बचत खातं
दोन्ही मुठीएवढ्या उबेवर तग धरतात.

विल्नियसच्या एका दुकानाने चाळीस बरण्या उचलल्या.
पैसे साठ दिवसांत, म्हणे.
साठ दिवसांत उन्हाळ्यातल्या माशीची
दीड पिढी खपते.

शनिवारच्या बाजारातली रोकड:
काही वहीत, काही ॲप्रनच्या खिशात,
बारा युरो कुठेच नाहीत.
मी पुन्हा बेरीज करते. ताळा जुळत नाही.
हातचा एक कुठेतरी उडून जातो.
"पेट्रोल पंपावर कॉफी प्यायले असेन," ती म्हणते.
"सहा वेळा."

मग पशुधनाचं पान.
रकाना पाचवा: मेलेली जनावरं, नग.
फेब्रुवारीत तिच्या चार पेट्या गेल्या.
मी 'मेल्या' टाइप केलं
आणि तिने माझं मनगट धरलं.
आमच्या भाषेत गाय मरते, कुत्रा मरतो,
मधमाशी मात्र माणसासारखी वारते.
क्रियापदच वेगळं.
शाळेत न गेलेलं पोरही इथे चुकत नाही,
मीच चुकले, फॉर्मच्या नादात.
खोडून लिहिलं: चार वसाहती वारल्या.
संगणकाने शब्दाखाली लाल रेघ ओढली.
राहू दिली.

रकाना सातवा: नवी जनावरं, खरेदी किंमत.
दोन पेट्या. कुणाकडून?
"रिमगाउदासकडून."
ज्याच्याशी कुंपणावरून नऊ वर्षं बोलणं नव्हतं, तो?
"तोच. जूनमध्ये त्याचं मोहोळ उठलं
आणि माझ्या पाइनवर येऊन लोंबलं.
तो शिडी घेऊन आला. मी टोपली धरली.
खाली उतरून म्हणाला, निम्मं तू ठेव.
शिडीही विसरून गेला."

आता ते एकमेकांचे बिचुलिस.
ज्यांनी माशा वाटून घेतल्या ते बिचुलिस,
आणि पुढे याच शब्दाचा
आमच्याकडे नुसता 'मित्र' असाही अर्थ झाला.
कुंपणाची केस त्याने परस्पर मागे घेतली.
माशांकडून झालेल्या सोयऱ्यावर
कुणी कोर्टात जातं का?

"किंमत किती लिहू?"
"माशांची किंमत करत नाहीत.
केली की त्या टिकत नाहीत."
"मग शून्य लिहिते."
"शून्य म्हणजे फुकट.
फुकट कुठे आल्या? नऊ वर्षं गेली त्यात."

रकाना रिकामा सोडला तर
फॉर्म पुढच्या पानावर जात नाही.
ती खिडकीबाहेर बघत असताना
मी एक युरो लिहिला,
आणि ते पाप माझ्या नावे टाकलं.

जाताना तिने टेबलावर बरणी ठेवली. माझी फी.
नियमाने हेही माझं उत्पन्न,
वस्तुरूपात, बाजारभावाने नोंदवायचं.
मी माझी कीर्द उघडली.
बरणी एक. कुट्टू. गडद.
पुढे भाव लिहायचा होता.

मी आधी चमचा शोधला.