तिसरा दिवस

कागदावर दोन दिवस लिहिले होते.
दस्तगीर म्हणाला, तीन लागतील.
मी म्हटलं, दोनच बसतात.
तो हसला नाही. खिशातल्या चिंधीनं बोटं पुसली,
म्हणाला, "मॅडम, रोलर बसवायचा हाय, दिवस न्हाई."

ताकारीजवळच्या या साखर कारखान्यात
माझं काम म्हणजे उलटं मोजणं.
दिवाळीआधी मोळी पडणार, हे ठरलेलं.
त्याआधी बॉयलर पेटणार,
त्याआधी पाण्याचा दाब, इन्स्पेक्टरची सही,
त्याआधी तीनशे चौदा नळ्या,
असं मागं मागं सरकत
मी जूनमधल्या एका मंगळवारावर येऊन टेकले,
आणि तो मंगळवार
गेल्याच आठवड्यात होऊन गेला होता.

भिंतीवर तक्ता लावला. हिरव्या पट्ट्या, पिवळ्या पट्ट्या.
चेअरमन म्हणाले, "छान. रंगीत आहे."
एका संचालकानं विचारलं, यात लाल कसा नाही?
मी म्हटलं, लाल आपोआप येतो.

रोज दहाला मीटिंग.
साडेअकरापर्यंत चहा,
कुठली टोळी उचल घेऊन गायब झाली,
कुणाच्या भाच्याला कुठं चिकटवायचं.
आठ माणसं, दीड तास:
मी एकदा वहीच्या कोपऱ्यात गुणाकार केला.
दीड पाळी आम्ही रोज बिस्किटासारखी
चहात बुडवून खात होतो.

मग एका सोमवारी मीटिंग घेतली बॉयलरच्या भट्टीत.
वाकून आत जायचं, टेकायला काही नाही,
जुन्या राखेचा वास, एक हॅण्डलॅम्प.
नऊ मिनिटांत उरकलं.
स्टोअरचे भूपाल मगदूम,
ज्यांनी "बघतो" या एका शब्दावर
सत्तावीस वर्षं नोकरी केली,
त्यांनी त्या अंधारात पहिल्यांदा तारीख सांगितली.
तारीख पाळलीसुद्धा.
मी खूश होते. आठवडाभर.

पण रोलर.

कुपवाडहून गनमेटलची बेअरिंगं आली, टेम्पोतून, गोणपाटात.
निळं लावायचं, टेकवायचं, फिरवायचं, उचलायचं,
जिथं निळं उमटलं तिथं खरवडायचं.
पुन्हा निळं.
पहिला दिवस गेला. दुसरा गेला.
तक्त्यावरची पट्टी संपली
आणि दस्तगीर अजून तिथंच उकिडवा,
पट्टीच्या पलीकडे,
जिथं माझ्या हिशेबानं कुणीच नव्हतं.

तिसरा दिवस कुणी मंजूर केलेला नव्हता.
तरी सकाळच्या भोंग्याला तो हजर झाला.
मी लोखंडी पेटीवर बसून बघत राहिले.
दस्तगीर घाई करत नव्हता, थांबतही नव्हता.
नखाएवढा कीस निघायचा, तो फुंकरून बाजूला.
मला विचारायचं होतं, किती टक्के झालं?
विचारलं नाही.

भूपाल शेजारी येऊन उभे राहिले.
म्हणाले, दोन वर्षांमागं
हाच रोलर दोन दिवसांत बसवला होता की.
साहेब जाम खूश. पेढे.
डिसेंबरात बेअरिंग तापलं, मिल अकरा तास बंद,
गव्हाणीपासून पार हमरस्त्यापर्यंत बैलगाड्या,
कुणी शेकोटी केलेली, कुणी शिव्या देत झोपलेलं,
आणि ऊस जागच्या जागी हलका होत चाललेला.
ते अकरा तास
कुठल्या रंगात दाखवायचे
हे तेव्हाच्या प्लॅनिंगवाल्याला कुणी विचारलं नाही.

चारच्या सुमाराला दस्तगीरनं हाक मारली.
निळं सगळीकडे सारखं.
"आता बसतोय," एवढंच म्हणाला.

रात्री मी तक्ता उतरवला.
एक दिवस कुठून तरी काढायला हवा होता.
नळ्यांत नाही. सहीत तर नाहीच.
खाली, अगदी शेवटच्या ओळीत सापडलं:
स्वागत कमान रंगवणे, तीन दिवस.
खोडून दोन केले.

सकाळी आष्ट्याचा रंगारी दारात उभा,
दोन्ही हातांवर कोपरापर्यंत जुना पांढरा.
"मॅडम, तीन लागतील."

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं.
मी पेनाला टोपण लावलं,
समोरची खुर्ची ओढली,
म्हटलं, बस. सांग कसे लागतात.